कुआ म्हणजे विहीर

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे मला नीट माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कागदावर अंगठ्याशिवाय काही उमटवलेलं नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर मीही फारसं लिहिलेलं नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मराठीच्या सरांनी ‘बालपणीच्या गमती’ असा विषय दिला. बाकीच्या मुलांनी चिखलदऱ्याच्या सहलीवर लिहायचं ठरवलं. मी म्हणालो, अकोल्याच्या प्रदर्शनावर लिहितो, तिथे पाळणे होते. सर म्हणाले, छान, रंजक होईल. ते रंजक होईल का, याची मला शंका आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आणखी एक. आईला आम्ही माय म्हणतो. ‘आई’ असं लिहून पाहिलं, पण ती दुसऱ्याच कोणाची तरी आई वाटायला लागली. म्हणून इथे माय असंच लिहिलं आहे.

आम्ही अमरावतीला राहतो, राजापेठच्या पलीकडे. बाबा जिनिंगमध्ये कामाला आहेत. मायचं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं एक खेडं. तिचे आईवडील मी फार लहान असताना एकाच वर्षात वारले. मागे एक धाकटा भाऊ राहिला, म्हणजे माझा मामा. दर दिवाळीला तो मायला न्यायला यायचा. त्याचा चेहरा मला आठवत नाही. त्याच्या खांद्यावर बसलं की कानाला तेलाचा वास यायचा, एवढं आठवतं, आणि तेही मायने सांगितलेलं असेल.

मी पाच वर्षांचा असताना त्या घराचं छत बसलं. मामाने ते पुन्हा उभं केलं नाही. कामाला जातो, दिवाळीले न्याले येतो, असं मायला सांगून तो गेला. दिवाळीला माय गाठोडं बांधून ओट्यावर बसली. तो आला नाही. पुढच्या दिवाळीलाही तिने गाठोडं बांधलं.

आमच्याकडे बाईचं माहेर म्हणजे घर नसतं, माणूस असतो. आईबाप गेले तर भाऊ. भाऊ नसला तर ते संपलं. वस्तीतल्या बायका सणाला दोन दिवस जाऊन येत आणि परत आल्यावर कुठे काय खाल्लं ते सांगत. माय ते ऐकून घ्यायची. भाऊ सापडला तर तिला माहेर होतं, नाही सापडला तर नव्हतं. त्यात मधलं काही नव्हतं. पुढची चार प्रदर्शनं आम्ही पाहिली ती यासाठी. हे मला त्या वेळी पूर्ण समजत नव्हतं.

मी सात वर्षांचा असताना एक निरोप आला. चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर रुळांचं काम करणारा एक हिंदी बोलणारा माणूस होता. त्याला कुठल्या तरी गावी मामा भेटला होता. त्याने आमच्या ओळखीच्या एकाजवळ सांगितलं, ते त्या ओळखीच्याने मराठीत करून आमच्यापर्यंत आणलं. निरोप एवढाच होता, की तुमचा भाऊ मजेत आहे, विहिरीवर लागला आहे.

मायला आनंद झाला. बाबांना नवल वाटलं. आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर चढता येत नसे. बायका घागरी घेऊन खाली उभ्या राहत, कोणी ओतलं तर पाणी मिळे. बाबा म्हणाले, “आपल्याले लोक दुरून पाणी ओततात, अन् हा विहिरीवर लागला म्हन्ते. कोनाच्या विहिरीवर लागला?”

माय म्हणाली, खोदाच्या कामावर असन. खोदताना कोणी जात विचारत नाही, पाणी लागल्यावर विचारतात.

मग दोन वर्षं आम्ही मामाला विहिरींवर शोधलं. हे आता लिहिताना मला थोडं संकोचल्यासारखं होतं, पण तसंच झालं. सुट्टीच्या दिवशी बाबा वरुड-मोर्शीकडे संत्र्यांच्या बागांत जात, कारण तिथे नवीन विहिरी होत होत्या. दोनदा मलाही नेलं. बागेच्या तोंडाशी राखणदार अडवायचा. बाबा तिथूनच ओरडून विचारायचे, की विहिरीवर अमुक नावाचा माणूस आहे का. विहिरीपासून लांब उभं राहून, विहिरीवर आपला माणूस आहे का, असं विचारायचं. एका राखणदाराने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो म्हणाला, “तुमचा मानूस? विहिरीवर?” आणि हसला. बाबाही थोडे हसले. परतताना आम्ही खाली पडलेली दोन संत्री उचलली होती, ती मी खाल्ली. आंबट होती.

त्याच सुमारास, छप्पन साली, आम्ही बौद्ध झालो. मायला त्यातली एक अडचण सारखी वाटायची. ती म्हणायची, “त्याले कोन सांगन? थो अजून जुनाच असन.”

माझ्या आत्याला अकोल्याला दिलं होतं. तिने कळवलं, की हिवाळ्यात इथे मोठं प्रदर्शन लागतं, मुलांना घेऊन या. मी चौथीत होतो. माझी धाकटी बहीण तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. गाडीत खूप गर्दी होती आणि प्रत्येक स्टेशनावर बहीण विचारत होती, की पाळणा आला का. मूर्तिजापूरला एका म्हातारीने तिला सांगितलं, की पाळना थांबून हाय, तुयी वाट पाहून राहिला. त्यावर तिचं समाधान झालं.

नदीपासून जवळच्या मोठ्या पटांगणावर ते प्रदर्शन होतं. पुढच्या बाजूला सरकारी तंबू. सुधारलेलं बी, खतं, हातमाग, काचेच्या बरणीत ठेवलेली बोंडअळी. बाबा त्या बरणीपुढे बराच वेळ उभे राहिले. मागच्या बाजूला खेळ. उंच पाळणा, लाकडी घोड्यांचा चक्कर, माणूस आडवा-उभा दाखवणारे आरसे, आणि एका काळ्या तंबूत टेबलावर ठेवलेलं बोलतं मुंडकं. अकोल्यातल्या मोठ्या घरची मुलंही तिथे होती. इस्त्रीचे कपडे, पायात मोजे. त्यांच्या आणि आमच्या पाळण्यात मात्र फरक नव्हता. ज्या पेटीत ती बसत, तीच खाली आली की आम्ही बसायचो.

पाळण्याच्याही पलीकडे, लाकडाचं एक उंच, गोल काहीतरी उभं होतं. आतून फटफटीचा आवाज येत होता. बाहेर जिना होता आणि लोक वर चढून, कठड्याला टेकून खाली आत पाहत होते. पुढे पत्र्याची पाटी होती, लाल अक्षरांची.

मायने मला विचारलं, “काय लिवलं हाय?”

ती मला सगळ्या पाट्या वाचायला लावायची. दुकानाची असो, दवाखान्याची असो. मी शाळेत जातो याचा तिला तेवढाच पुरावा मिळायचा. मी मनात वाचलं, ‘मौत का कुआँ’. पहिला शब्द मोठ्याने म्हणायचं टाळलं. त्याचा अर्थ मला कळला होता. मायपुढे तो शब्द उच्चारू नये असं वाटलं. मी म्हणालो, “कुआ.”

“कुआ म्हन्जे?”

जिनमध्ये उत्तरेकडचे मजूर होते, त्यामुळे बाबांना थोडी हिंदी येत होती. ते सहज म्हणाले, “कुआ म्हन्जे विहीर.”

ते म्हणाले आणि मायकडे वळले. मायही पाटीवरून त्यांच्याकडे वळली. रुळांच्या माणसाने हिंदीत काय सांगितलं असेल, ते दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं. दोन वर्षं आम्ही पाण्याच्या विहिरी पाहत होतो.

बाबा तिकिटाच्या टेबलापाशी गेले. तिथे चष्मा लावलेला एक म्हातारा बसला होता. बाबांना मामाविषयी विचारायचं होतं. पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं ते वेगळंच होतं. त्यांनी विचारलं, “आमाले वर चढू देता का?”

म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. “टिकट लो और चढ़ो,” तो म्हणाला. “रोका किसने है?”

मग बाबांनी मामाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. हो, होता, म्हणाला. फटफटी चालवणारा नाही, विहीर उभी करणारा. मागच्या पावसाळ्यापर्यंत इथेच होता. मग दुसऱ्या एका कंपनीत गेला. अशा विहिरी पाच-सहा फिरतात, कुठली कधी कुठे असेल ते सांगता येत नाही.

मायने विचारलं, की तो मामाच कशावरून. नावाची माणसं पुष्कळ असतात. ती हे बाबांना म्हणाली, पण म्हाताऱ्याने ऐकलं आणि तो उठला. आम्हाला घेऊन तो विहिरीच्या मागच्या बाजूला गेला.

ती विहीर उभ्या लाकडी फळ्यांची होती. एकेक फळी दारासारखी रुंद आणि दोन माणसांइतकी उंच. गाव बदललं की सगळ्या सुट्या करून गाडीवर लादायच्या, पुढच्या गावी पुन्हा गोलात उभ्या करायच्या. क्रम चुकला तर फट राहते आणि फटीत चाक अडकतं. म्हणून प्रत्येक फळीवर बाहेरून आकडा रंगवलेला होता. आकड्याच्या खाली, हाताच्या उंचीवर, डांबराने काढलेलं एकेक लहान चित्र होतं.

म्हातारा म्हणाला, “उसको गिनती पढ़नी नहीं आती थी. तो उसने अपनी निशानी डाली. अब हम भी उसी से बिठाते हैं. नंबर तो धुल जाता है.”

माय पहिल्या फळीपाशी गेली. तिथे दोन आडव्या रेघा होत्या. दुसऱ्या फळीवर एक फुगीर आकार होता. तिसरीवर एकावर एक दोन गोल आणि वर एक काडी. माय हात न लावता बघत होती. मग तिने हात लावला.

“हा उंबरठा,” ती म्हणाली. “हा रांजण. हे जातं.”

ती पुढे सरकत गेली. उखळ. खुंटीवरची घोंगडी. उतरंड. चूल. चुलीमागचा कोनाडा. सूप. मी तिच्या मागे होतो. मला काही चित्रं ओळखू येत नव्हती, ती नुसते डाग वाटत होती, पण तिला कुठे अडखळावं लागलं नाही. तिच्या माहेरच्या घरात दारातून आत शिरलं की उजव्या हाताने काय काय लागायचं, ते त्या क्रमाने होतं. पूर्ण फेरी मारून ती पुन्हा उंबरठ्यापाशी आली. शेवटच्या फळीवर शेळीचा खुंटा होता, तो मागच्या दाराजवळ असायचा.

“तोच हाय,” ती म्हणाली.

मग तिने बाबांना म्हाताऱ्याशी बोलायला सांगितलं. स्वतःच पुन्हा मध्येच बोलली, आमच्याच भाषेत, सावकाश, जणू त्यामुळे ते हिंदी होईल. “त्याले सांगजा, बहीन आली होती. आपन आता बौद्ध झालो म्हना. अन् मी राजापेठच्या पलीकडे राह्यतो म्हना.” म्हाताऱ्याने मान हलवली. कोणी भेटलं तर सांगेन, म्हणाला. बाबांनी त्याला राजापेठ हा शब्द तीनदा म्हणायला लावला.

त्यानंतर तिकीट काढून आम्ही वर चढलो. बाबा कठड्याला धरून उभे होते आणि फटफटीकडे न पाहता आजूबाजूच्या लोकांकडे पाहत होते. आमच्या शेजारी टोपीवाले कोणी मोठे गृहस्थ होते. त्यांचा कोपर बाबांच्या कोपराला लागत होता. त्यांना ते कळलंही नसेल. फटफटी फिरत वर आली तशी सगळी विहीर हलली. बहीण रडायला लागली आणि आम्ही उतरलो.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मायचा एक बेत होता. मामा आता दुसऱ्या कंपनीत असला तरी कधीतरी प्रदर्शन पाहायला येईल, असं तिने ठरवून टाकलं होतं. इतक्या गर्दीत माणूस खालून दिसत नाही. म्हणून तिने मला आणि बहिणीला पाळण्यात बसवलं. बसण्याआधी ती मला म्हणाली, “वर गेला का चारी बाजूनं पाहाजो. मामा दिसते का.”

मी म्हणालो, मला मामा आठवत नाही.

“माह्यासारखं नाक हाय,” ती म्हणाली.

पाळणा वर गेला की अकोला एकदम पसरट व्हायचं. घरांची छपरं, कापसाच्या गाड्या, लांब पुलावरून जाणारी आगगाडी. बहीण ओरडत होती, हसत होती, मला धरत होती. मी खाली नाकं शोधत होतो. त्या उंचीवरून नाकं दिसत नाहीत. पागोटी, टोप्या, पदर दिसतात. पण तसं मायला सांगायचं धाडस झालं नाही. पेटी खाली आली, की ती विचारायची, दिसला का. मी नाही म्हणायचो. ती पाळणेवाल्याला सांगायची, अजून एकदा. बहिणीला वाटायचं, आपले लाड चालले आहेत.

आत्या हे बघून हसायची. “वयनी, भावाले पाहाले येता का पोट्ट्याले गरगर फिरवाले?” ती विचारायची. “त्याले चक्कर आली तं भाऊ तं भाऊ, पोट्टंई जाईन.” माय तिला म्हणाली, तुया भाऊ तुया घरी येऊन बसला हाय, तुले काय.  आत्याने संध्याकाळी आम्हाला पुरी-बासुंदी केली.

त्या बोलत्या मुंडक्याकडे जायची कल्पना आत्याचीच. टेबलावर नुसतं डोकं ठेवलेलं असे, कपाळाला कुंकू, डोळ्यांत काजळ, टेबलाखाली मोकळं. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं. आमच्या पुढच्या माणसाने खटल्याचं विचारलं. मुंडकं म्हणालं, सत्याचा विजय होईल. माणसाचा चेहरा पडला. मग माय पुढे झाली.

“माहा भाऊ कुठी हाय?”

मुंडक्याने डोळे मिटले. “ज्याला शोधता तो उत्तर दिशेला आहे.”

माय लगेच मागे वळून उत्तर कुठे ते बघायला लागली. तेवढ्यात मी खाली वाकलो होतो. टेबलाच्या पायांमध्ये मला माझीच चप्पल दिसली. तिथे आरसा होता आणि आरशामागे कोणी तरी मांडी घालून बसलं असणार. हे मी तंबूबाहेर आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मायजवळ बोलू नको. मग थोड्या वेळाने मायला ते म्हणाले, “अकोल्याच्या उत्तरेले अर्धा हिंदुस्थान हाय.” माय म्हणाली, “अर्धा तं कमी झाला.”

तिच्या या बोलण्यावर मी नंतर बराच विचार केला. ती थट्टा होती की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षीही विहीर तीच होती आणि म्हातारा तोच. मामाची भेट झाली नव्हती, पण निरोप दुसऱ्या एका कंपनीच्या माणसाजवळ दिला आहे, असं तो म्हणाला. माय आपली मागच्या बाजूला गेली. आता तिला कोणी नेण्याची गरज नव्हती. ती उंबरठ्यापासून निघाली आणि शेळीच्या खुंट्यापर्यंत गेली. तिथल्या कामाच्या माणसांनी तिच्यासाठी वाट मोकळी करून दिली. घरी परतल्यावर शेजारणींनी विचारलं, कुठे गेला होता. माय म्हणाली, अकोल्याले, ननदेकडे. एका लहान पोरीला मात्र ती म्हणाली, की माहेरी गेल्ती. हे मी ऐकलं.

तिसऱ्या वर्षी बऱ्याच फळ्या नव्या होत्या. जुन्या कुजल्या म्हणून बदलल्या होत्या. नव्यांवर नुसते आकडे होते, पांढऱ्या रंगाचे, सुबक. रांजण नव्हता. उखळ नव्हतं. चूल होती, पण कोनाडा नव्हता. माय चालत गेली आणि जिथे चित्र नव्हतं तिथेही थांबून तिने ते नाव घेतलंच. मी मोजलं नाही. जुन्या फळ्या निम्म्याहून थोड्या कमी उरल्या असतील. डांबराचा एक डबा तिथे पडला होता. मला वाटलं, आपण काढावं. मी म्हणालोही. माय म्हणाली, “तुले काय माहीत तिथं काय होतं?” तिच्या आवाजात राग नव्हता. पण मी नंतर पुन्हा तसं बोललो नाही.

त्या वर्षी मी पाळण्यात एकटा बसलो. बहीण आरशांपुढे उभी राहून स्वतःला जाडी करून घेत होती. पाळणा वर थांबला तेव्हा मी खाली पाहिलं आणि मला माय दिसली. ती वर माझ्याकडे बघत होती, हात कपाळावर धरून. तिथून तीही इतर बायांसारखीच दिसत होती. लुगड्यावरून मी तिला ओळखलं.

चौथ्या वर्षी मी सातवीत होतो. विहीर बदलली होती. लाकडाऐवजी लोखंडी जाळीचा मोठा गोळा आणला होता, आतली फटफटी बाहेरून दिसायची, त्यामुळे गर्दी जास्त होती. तिकिटाला एक तरुण माणूस होता, केसांना खूप तेल लावलेला. जुन्या विहिरीचं काय झालं असं बाबांनी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. लाकूड विकलं असेल, म्हणाला. म्हाताऱ्याचंही त्याला माहीत नव्हतं.

माय जाळीभोवती एक फेरी मारून आली. मग ती बाबांना म्हणाली, मले पाळन्यात बसू द्या. ती कधी बसली नव्हती. आम्ही चौघं एका पेटीत मावलो नसतो, म्हणून ती आणि मी बसलो. पाळणा सुरू झाला तसा तिने माझा दंड धरला आणि डोळे मिटले. पुढचा सगळा वेळ ते मिटलेलेच होते. मी एकदा म्हणालो, माय, पाहा, पूल दिसते. तिने मान हलवली, पण डोळे उघडले नाहीत. मी सवयीने चारी बाजूंनी पाहून घेतलं. खाली आल्यावर तिने मला काही विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही प्रदर्शनाला गेलो नाही. कोणी ठरवलं असं नाही. पुढच्या हिवाळ्यात आत्याचं पत्र आलं, मी ते वाचून दाखवलं, आणि माय म्हणाली, पोट्ट्याचा अभ्यास असते.

मी मॅट्रिक झालो. शिष्यवृत्ती मिळाली आणि मी अकोल्यालाच कॉलेजला आलो. आमच्या घरातलं कॉलेजात येणारं पहिलं माणूस मी. त्याचं दडपण असतं. वर्गात कोणी हसलं की मला आपल्या बोलण्याला हसले असं वाटतं. पुण्याकडून आलेले एक प्राध्यापक एकदा म्हणाले, तुम्ही वऱ्हाडी लोक फटकन बोलता. मला वाटतं आम्ही पुष्कळ गोष्टी बोलतच नाही.  वसतिगृहातून कॉलेजला जाताना ते पटांगण लागतं. वर्षातले दहा महिने तिथे म्हशी चरतात.

पहिल्या वर्षी हिवाळ्यात खोलीतल्या मुलांनी मला प्रदर्शनाला ओढून नेलं. पाळण्यात बसलो. माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, तू सारखा खाली काय बघतोस, वर बघ. मी वर पाहिलं. वर काही नव्हतं. आभाळ होतं आणि त्यात घारी. मला थोडा वेळ बरं वाटलं, हे खरं आहे, आणि ते लिहायला हवं असं वाटतं.

हा लेख मी इथेच संपवणार होतो. शेवटचं एक वाक्यही तयार होतं, बालपणीची गंमत मोठेपणी कळते अशा अर्थाचं. ते सरांना आवडलं असतं. पण लेख द्यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे काल दुपारी, घरून कार्ड आलं. बहिणीचं होतं. ती आता सातवीत आहे आणि आता घरची पत्रं तीच लिहिते. अक्षर बारीक होतं, आणि शेवटी जागा न उरल्यामुळे ती कडेकडेने लिहीत गेली होती. मी ते कार्ड इथे उतरवतो. लेखात असं करतात की नाही मला माहीत नाही.

“दादास, नमस्कार. आपल्याकडे हिंगोलीकडून एक बाई आली. संगं एक लहान पोरगी आहे. ती आपली मामी आहे. राजापेठच्या पलीकडे एवढंच तिला माहीत होतं, म्हणून तीन दिवस घरोघर विचारत होती. मामा मागच्या उन्हाळ्यात वारले. तापाने गेले, दवाखान्यात होते. मायचा निरोप त्यांना लय वर्षांपूर्वीच भेटला होता. मामी सांगते, की ते म्हणत, आपलं घर नाही तर बहिणीले न्याव कुठी, घर झाल्यावर जातो. दोन खोल्यांचं घर झालं आणि मग ताप आला. जाताना मामीला सांगून गेले, की दिवाळीत बहिणीले आणजो. माय दोन दिवस जेवली नाही. काल मामीसंगं हिंगोलीला गेली. बाबा बडनेऱ्यापर्यंत गेले होते. अकोल्याला गाडी बदलायची होती, पण तुला कळवायला वेळ नव्हता. वस्तीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा माय माहेरी जातो म्हणाली. आठ दिवसांनी येईल. तोवर सैपाक मी करते. फी भरली का ते कळव.”